खुराक म्हशीला, पगार माणसाला

आमचे सर मला ‘अहो’ म्हणायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची, शिंदखेड्याजवळच्या खेड्यातून जळगावला कॉलेजात आलेली. आणि हे पन्नाशी उलटलेले, कडक इस्त्रीच्या पँटीतले गृहस्थ भर मैदानात म्हणायचे, “अहो, चढाईला आपण जाणार ना? मग जा की. कुणाची वाट बघताय?” कबड्डीच्या संघातल्या बाकीच्या मुली त्यांच्या लेखी ‘अगं’, ‘ए पोरी’ आणि पकड सुटली तर ‘गधडे’ असायच्या. ‘अहो’चा मान आम्हा चौघींनाच होता, कारण आम्हा चौघींना खेळायचे पैसे मिळत होते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली ढाल आपल्याच कपाटात यावी म्हणून संस्था खेड्यापाड्यांतून मुली हेरून आणायची. फी माफ, वसतिगृह फुकट आणि वर महिन्याला हातात रोख काहीतरी. फक्त त्याला पैसे म्हणायचं नाही. त्याला ‘खुराक’ म्हणायचं. दूध, अंडी, खजूर यांच्यासाठी म्हणून. कारण स्पर्धा हौशी विद्यार्थ्यांची, आणि पैसे घेऊन खेळणारी मुलगी त्या नियमात बसत नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आम्हीही त्या न बोलण्याला चांगल्या सरावलो होतो.

सरांना मात्र खुराक हा शब्द खपत नसे. “खुराक म्हशीला देतात,” ते म्हणायचे, “दूध काढायचं असतं म्हणून. माणसाला पगार देतात.”

आणि देताना तो असा द्यायचे, की घेणाऱ्याने धरणीमाय पोटात घे म्हणावं. दुसरा कोणी असता तर ऑफिसात बोलावून, दार लोटून पाकीट सरकवलं असतं. सर मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि हाक मारायचे, “या, आपला पगार घेऊन जा.” आम्ही एकेक जण जायचो, पाकीट ओढणीखाली घ्यायचो आणि मागे न बघता परत यायचो. बाकीच्या मुली त्या वेळी अगदी मन लावून बुटांच्या नाड्या बांधत असायच्या. नंतर वसतिगृहात त्याच मुली मला “अहो, पाणी घेता का?” म्हणून चिडवायच्या. सरांचं नावच पुढे ‘अहोसर’ पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, नाव बरं आहे, खोटं काही नाही त्यात.

सर मूळचे मुक्ताईनगरकडचे. तरुणपणी धुळ्याला एका कापड गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. एका रविवारी सामन्यात त्यांच्या गळ्याचं हाड मोडलं. गिरणीने दवाखाना केला, घरी बसल्याचा पगार दिला आणि हाड जुळल्यावर परत मशीनवर घेतलं. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. गिरणीवाल्यांचं मन मोठं होतं म्हणून नाही हो, ते म्हणायचे, मी हजेरीवरचा माणूस होतो म्हणून. पुढे गिरणी बंद पडली आणि सर शिकून क्रीडाशिक्षक झाले, पण डोक्यातला भोंगा काही बंद झाला नाही.

त्या भोंग्याने आम्ही हैराण होतो. सरावाची वेळ संपली की संपली. मी एकदा समोरच्यांच्या अंगणात, सातही जणींच्या मधोमध, दम धरून ‘कबड्डी कबड्डी’ करत होते आणि सरांनी शिट्टी वाजवून पिशवी उचलली. आता घरी जा म्हणाले. सोमवार आमच्या सुट्टीचा. बिनपगारी मुली सोमवारीही घाम गाळायच्या. मी एका सोमवारी आपली हौस म्हणून गेले तर सरांनी मला मैदानात पाऊल टाकू दिलं नाही. “आज आपली रजा आहे. झोपा, सिनेमा बघा, मेहरूणच्या तलावावर फिरून या. इथे यायचं नाही.” मी तलावाच्या कट्ट्यावर एकटीच जाऊन बसले आणि रडले. मला खेळायचं होतं हो. एवढंच तर येत होतं मला.

संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला एक रीत होती. खेळाडू मुलींनी एकसारख्या साड्या नेसून दारात ओवाळायला उभं राहायचं आणि मग पंगतीत पाणी वाढायचं. सरांनी त्या वर्षी निरोप पाठवला, की या चौघींचं काम चढाई-पकडीचं ठरलंय, वाढपाचं ठरलेलं नाही. प्राचार्यांना वाटलं, गंमत करतायत. पण दुपारी सर स्वतः आले आणि पंगतीत जग घेऊन पाणी वाढू लागले. सगळ्यांना वाढलं, अध्यक्षांनाही वाढलं. आम्ही चौघी खिडकीतून बघत होतो. आम्हाला सरांचं कौतुक वाटायला हवं होतं, पण वाटली ती लाज. एवढा मोठा माणूस आपल्यापायी वाढप्या झाला, आणि उद्या सगळं कॉलेज आपल्यालाच बोलणार, एवढंच मनात आलं.

अध्यक्षांच्या केळीच्या बागा होत्या. संघ जिंकला की बागेतून केळी यायची, वाटताना फोटो निघायचा आणि तो पेपरात छापून यायचा. सर ती केळी कधी खात नसत. जळगावात राहून केळी न खाणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

स्टाफरूममध्ये त्यांचं कुणाशी पटत नव्हतं. पैसे आले की खेळाचा बाजार होतो, मुलींनी शिकावं, खेळ हा संस्कार आहे, असं बाकीचे प्राध्यापक म्हणत. सर ऐकून घेत आणि म्हणत, “पैसे दिल्याने खेळ बिघडत नाही, लपवल्याने बिघडतो.” अभ्यासाच्या बाबतीत मात्र ते आम्हाला तसूभर सवलत देत नव्हते. तुम्ही इथे दोन कामं करता, एकाचा पगार घेता आणि दुसऱ्यात विद्यार्थी आहात, दोन्हीची गल्लत करू नका, असं सांगून आम्हाला परीक्षेला पिटाळायचे.

सर सगळ्यात बरोबर होते असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. आम्हाला त्यांनी कधी ‘शाब्बास’ म्हटलं नाही. बिनपगारी पोरीने साधा बोनस गुण घेतला तरी टाळ्या, जिलेबी. मी एका चढाईत तिघींना मारून आले तर नुसती मान हलवायचे. एकदा मी विचारलंच. तर म्हणाले, ड्रायव्हरने गाडी वेळेवर पोचवली तर आपण टाळ्या वाजवतो का? पगार वेळेवर द्यावा, तीच शाब्बासकी. असेलही तसं. पण एकोणिसाव्या वर्षी माणसाला टाळ्या हव्या असतात. शेवटी मी एक दिवस हिय्या केला आणि म्हणाले, सर, मला अगं म्हणा ना, सगळे हसतात. सर म्हणाले, “म्हणतो की. उद्यापासून पगार बंद करू?”

मी परत मैदानात गेले. पगार बंद होऊन चालणार नव्हतं.

तो पैसा घरी जात होता. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गावातल्या दूध डेअरीत दूध मोजून घ्यायचे. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन त्यांच्यापुढे यायचं, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट आधी त्यांच्या कानावर पडायची. मी घरी सांगितलं होतं की मला शिष्यवृत्ती मिळते. नानांनी ते डेअरीवर सांगितलं आणि गावाने ते मानलं. पोरीला सरकारचा पैसा येतो, पोरगी हुशार आहे. पोरगी चड्डी घालून पैशासाठी खेळते, हे त्या किटल्यांच्या रांगेत कुणी म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करतच नव्हते. अहो म्हणणाऱ्या सरांची आणि नानांची गाठ कधी पडू नये, एवढीच मुक्ताईला प्रार्थना करायचे.

गाठ पडली ती माझ्या गुडघ्यामुळे. धुळ्याला अंतिम सामना होता. मी चढाईला गेले, डाव्या पायावर वळले आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट गेलंय, ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर पाय कायमचा लटपटेल. संघ जिंकला. अध्यक्ष केळी घेऊन मला बघायला आले आणि म्हणाले, काळजी करू नकोस बेटा, संस्था तुला मदत करेल, कार्यक्रम घेऊन करू.

दुसऱ्या दिवशी सरांनी संस्थेला अर्ज दिला. त्यात मदत हा शब्द नव्हता. पगारावरील खेळाडू कामावर असताना जखमी झाल्या आहेत, सबब त्यांचा उपचार व्हावा आणि त्या खेळू शकत नाहीत तोवरचा पगार चालू राहावा, असं लिहिलं होतं.

मग अध्यक्षांच्या खोलीत बैठक बसली. अध्यक्ष, प्राचार्य, सर, गावाहून बोलावून घेतलेले नाना, आणि दुसऱ्या खुर्चीवर पाय लांब करून बसलेली मी. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. हसतमुख होते, मला बघून खरंच हळहळले. सरांना म्हणाले, ऑपरेशन तर होणारच आहे, खर्च संस्थाच करणार आहे, अर्जातला तो एक शब्द तेवढा काढा.

“शब्दावरून कशाला अडता, सर? पोरीचा पाय बरा होण्याशी मतलब.”

“मदत एकदाच होते, साहेब,” सर म्हणाले. “ह्यांच्यानंतर जी पडेल तिला काय मिळेल? तिने आधी हात जोडायचे आणि मग तुम्हाला दया येते का याची वाट बघायची. कामावर पडलेल्या माणसाला दवाखाना मिळायलाच हवा. दया आली तरी आणि नाही आली तरी.”

प्राचार्यांनी मग नियम सांगितला. पगार असं लेखी विद्यापीठात गेलं तर ढाल परत जाईल आणि या चौघींची प्रमाणपत्रं रद्द होतील. त्या प्रमाणपत्रांवर आम्ही सगळ्या नोकरीची आशा लावून बसलो होतो. सर म्हणाले, खोट्यावर आलेलं आहे, जाणारच. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाचं काय जातंय, मला वाटलं. गुडघा माझा, प्रमाणपत्र माझं, आणि तत्त्व यांचं. केळी खाऊन, पाया पडून ऑपरेशन होत असेल तर मी पेटीभर केळी खायला तयार होते.

अध्यक्ष नानांकडे वळले. अगदी हळू आवाजात विचारलं, “भाऊ, तुम्हीच सांगा. पोरगी पैशासाठी खेळत होती का?”

नाना खुर्चीवरून उठले. बोलताना सुरुवात त्यांनी शहरातल्यासारखी केली, “सर, मी काय म्हणतो,” आणि मग त्यांना ते जमेना. त्यांनी हात जोडले. अध्यक्षांपुढे नाही, सरांपुढे.

“सर, हात जोडस तुमले. मनी आंडेर पैसासाठे खेये असं नका सांगू. ऑपरेशन नही व्हयनं तरी चाली.”

माझी लेक पैशासाठी खेळायची असं सांगू नका, मग ऑपरेशन नाही झालं तरी चालेल. माझा बाप माझा पाय द्यायला तयार होता, सरांनी तो एक शब्द परत घ्यावा म्हणून. मी जमिनीकडे बघत होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला हायसं वाटलं.

सर उभे राहिले. नानांचे जोडलेले हात त्यांनी सोडवले आणि त्यांना खाली बसवलं. मग अध्यक्षांना म्हणाले, “पगार असा काही दिलेला नाही. माझी बोलायची पद्धत विक्षिप्त आहे, त्यातून झालं. अर्ज मागे घेतो.”

मी त्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं.

कार्यक्रम झाला. हार झाले, केळी झाली, फोटो निघाला. धनादेश घेताना नाना अध्यक्षांच्या पाया पडले. अध्यक्ष वयाने त्यांच्यापेक्षा लहान होते. मी कुबड्यांवर उभी होते आणि फोटोवाला मला हसायला सांगत होता. मी हसले, आणि तो फोटो छापूनही आला.

ऑपरेशननंतर सर दवाखान्यात आले. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “कशी आहेस गं?” किती दिवस मी त्या ‘गं’ची वाट बघितली होती. तो ऐकला आणि मी अशी रडले की नर्स धावत आली. सरांनी त्यानंतर कुणालाच अहो म्हटलं नाही. पाकिटं ऑफिसातून, दार लोटून मिळू लागली. पुढच्याच वर्षी आमच्यातल्या एकीचा घोटा मोडला. ती चोपड्याकडच्या पाड्यावरची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिच्यासाठी कार्यक्रम झाला नाही. संस्थेने एकदा केलं, दर वेळी कुठून करणार, असं प्राचार्य म्हणाले. तिला घरी पाठवलं आणि तिच्या कॉटवर दुसरी मुलगी आली. ती पाड्यावर लंगडत मजुरीला जाते, असं पुढे कानावर आलं. मी तिला भेटायला गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

सर नोकरी सोडून मुक्ताईनगरला निघून गेले. मी प्रमाणपत्र दाखवून खेळाडूंच्या जागेवर धुळ्यात सरकारी कार्यालयात लागले. ते प्रमाणपत्र शाबूत राहिलं ते सरांच्या त्या एका खोट्यामुळे. आजही पगार झाला की मोबाईल वाजतो आणि मला तो आवाज नकोसा होतो.

गेल्या वर्षी गावी गेले होते. टीव्हीवर कबड्डीपटूंची बोली लागली होती आणि आमच्या शेजारच्या गावचा मुलगा चांगल्या बोलीला गेला. डेअरीवर पेढे वाटले. नाना घरी येऊन कौतुकाने सांगू लागले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाना, तो पैसे घेऊन खेळतो तर पेढे, आणि माझ्या वेळी तुम्हाला माझी लाज वाटली.

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “तुनी लाज नही वाटनी माले. मनी माले वाटनी. माले पयलेपासून माहीत व्हतं. सरकार काय दर महिनाले रोकडा देस का? आंडेरनी कमाई बाप खाई ऱ्हायना, हाई मी त्या खोलीमा कसं ऐकतू?”

लाज त्यांना माझी नाही, स्वतःची वाटली होती, आणि पैसे कशाचे ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. शिष्यवृत्ती खाता येते. लेकीचा पगार बापाने खायचा नसतो. सरांच्या त्या एका शब्दाने मी नाही, नाना उघडे पडणार होते. आणि मी इतकी वर्षं मनातल्या मनात बापावर दात धरून बसले होते.

काही दिवसांनी नानांना मुक्ताईच्या दर्शनाला घेऊन गेले. ते देवळात बसले आणि मी सरांचं घर शोधत गेले. सर वाळले होते, पण इस्त्री तशीच होती. पुतण्याकडे राहतात. गल्लीतल्या पोरांना संध्याकाळी फुकट कबड्डी शिकवतात आणि सगळ्यांना सरसकट अरे-तुरे करतात. मी त्यांना नाना काय म्हणाले ते सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

“मला त्याच दिवशी कळलं होतं ते,” सर म्हणाले. “म्हणून तर खोटं बोललो. पण त्यात एक राहून गेलं बघ. त्या खोलीत आम्ही दोन बापये एकमेकांची लाज झाकत बसलो, आणि जिचा गुडघा होता तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. जन्मभर ‘कामाची माणसं, कामाची माणसं’ म्हणत आलो, आणि ऐन वेळी तुझा पालक होऊन बसलो.”

मी म्हटलं, जाऊ द्या सर. पण ते जाऊ देणाऱ्यातले नव्हतेच.

“तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. किती वेळा मनात त्या खोलीत परत जाऊन, एका पायावर उभी राहून मी ‘हो, पगार घेऊन खेळत होते’ असं ठणकावून सांगितलं होतं. आताही तेच सांगायला तोंड उघडलं. पण सर समोर बसले होते, आणि ते खरंच विचारत होते.

“नाही म्हणाले असते, सर,” मी म्हणाले. “पैसे कधी घेतलेच नाहीत, असं सांगितलं असतं.”

सरांनी नुसती मान हलवली.

“मग तेच लिहिलं असतं आपण,” ते म्हणाले. “पण तू सांगितलंस म्हणून लिहिलं असतं.”